बॅकयार्डात पक्ष्यांना थंडीत काय घालायचं? (आई रोज भात-पोळी घालते, एचओएचं म्हणजे सोसायटीचं पत्र आलंय)

एडिसनची_लेक

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ टाउनहाऊसमध्ये राहतो, मागे छोटंसं अंगण आहे, डेक आणि त्यापलीकडे झाडांची एक ओळ. ऑक्टोबरपासून आई आलीये साताऱ्याहून, मार्चपर्यंत आहे. तिची आयुष्यभराची सवय म्हणजे जेवायला बसायच्या आधी कावळ्याला घास काढायचा, आणि तो ती इथेही काढते, भात, पोळीचा तुकडा, कधी वरण घालून कालवलेला. डेकच्या कठड्यावर ठेवते. आता झालंय असं की कावळे येतात कधीतरी, पण खारी रोज येतात आणि रात्री रकून येऊन उरलंसुरलं खाली पाडून जातो. गेल्या आठवड्यात एचओएचं पत्र आलं की उघड्यावर अन्न टाकू नका, उंदीर होतात, शेजाऱ्यांची तक्रार आहे. फीडर (पक्ष्यांसाठी दाणे भरून टांगायचं भांडं) लावायला मात्र बंदी नाही, मी नियम नीट वाचले, फक्त खाली सांडता कामा नये एवढंच म्हटलंय.

आईला हे सांगितलं तर तिचा चेहरा पडला. ती म्हणते बाहेर सगळं पांढरंफटक झालंय, झाडाला पान नाही, किडा नाही, ती पाखरं खाणार काय. मला तिचं पटतंय. म्हणून विचारतेय, नीट पद्धतीने घालायचं असेल तर काय घालायचं? आम्ही शाकाहारी आहोत. दुकानात गेले तर वीस तऱ्हेच्या पिशव्या आणि ते चरबीचे चौकोनी केक, त्यातलं काहीच कळेना. आणि अजून एक, ह्याने पक्ष्यांना आयतं खायची सवय लागते का, म्हणजे आपण त्यांचं नुकसान तर करत नाही ना? जानेवारीत आम्ही तीन आठवडे भारतात जाणार आहोत, तेव्हा त्यांचं काय?

---

मिनेसोटा_मावशी

अगं सगळ्यात आधी आईंना सांग की त्या बरोबर बोलतायत, थंडीत खायला मिळण्याने फरक पडतो आणि तो मोजलेला आहे. विस्कॉन्सिनमध्ये १९८० च्या दशकात चिकडी नावाच्या इवल्या पक्ष्यावर अभ्यास झाला होता, ज्यांना फीडर मिळत होता त्यातले ६९ टक्के हिवाळा पार करून जगले आणि ज्यांना नव्हता त्यातले ३७ टक्के. आणि हा फरक मुख्यतः कडाक्याच्या थंडीत होता, म्हणजे ज्या महिन्यात बरेच दिवस पारा शून्य फॅरनहाइटच्या खाली जातो तेव्हा. सौम्य हवेत त्यांचं त्यांना पुरतं. तुमच्याकडे एडिसनला एवढी थंडी सलग पडत नाही पण स्नोस्टॉर्म नंतरचे दोन-तीन दिवस, आणि मुख्य म्हणजे आइस स्टॉर्म, फांद्यांवर काचेसारखं बर्फ चढतं ना, तेव्हा सालीतले किडे आणि अंडी काढता येत नाहीत त्यांना. त्या दिवशी भरलेला फीडर म्हणजे खरंच मोठी मदत.

आता काय घालायचं. वीस पिशव्यांतल्या अठरा सोडून दे. रंगीबेरंगी मिक्स स्वस्त असतं कारण त्यात निम्मी लाल ज्वारी असते, आणि आपल्या भागातले फीडरवर येणारे बहुतेक पक्षी ती चोचीने बाजूला फेकतात, मग ती खाली पडते, भिजते, कुजते, त्याला उंदीर येतात आणि एचओए परत पत्र पाठवते. काळं सूर्यफूल घे, ब्लॅक ऑइल म्हणतात ते, त्याची साल पातळ असते म्हणून छोट्या चोचीला फुटते आणि आत तेल भरपूर. सांडायची एवढी भीती असेल तर सरळ सोललेलं सूर्यफूल घे, महाग आहे पण टरफलच नाही म्हटल्यावर खाली कचरा जवळपास होत नाही. फक्त ते भिजलं की लवकर बुरशी धरतं म्हणून एका वेळी दोन दिवस पुरेल एवढंच भरायचं.

दुसरी वस्तू करडई. कार्डिनलला फार आवडते, चिकडी आणि मोर्निंग डव्हही खातात, आणि खारींना ती सहसा आवडत नाही. काळ्या ग्रॅकलच्या झुंडी येतात त्यांनाही नाही. टाउनहाऊसवाल्यांना मी नेहमी करडईच सांगते.

तिसरी वस्तू आईंना ऐकून बरं वाटेल, कारळे. आपण चटणी करतो तेच. गोल्डफिंचसाठी बारीक भोकांची उभी नळी किंवा जाळीची पिशवी मिळते त्यात घालायचे. इथे विकायला येणारे कारळे बरेचसे भारतातून आणि इथिओपियातून येतात, आणि ते गरम प्रक्रिया केल्याशिवाय देशात घेत नाहीत, म्हणजे त्यातून तणाचं बी इथे रुजू नये. तेव्हा इंडियन ग्रोसरीतून आणू नकोस, बर्ड सीड म्हणून मिळतात तेच आण, आणि थोडे आण कारण जुने झाले की सुकतात आणि गोल्डफिंच मग तोंड लावत नाहीत. हिवाळ्यात ते पिवळेधमक नसतात हं, मळकट शेवाळी दिसतात, ओळखू येत नाहीत म्हणून लोकांना वाटतं आलेच नाहीत.

ते चरबीचे केक म्हणजे सूएट. ती गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी असते. तुम्ही शाकाहारी आहात तर हे माहीत असलेलं बरं. सुतारपक्ष्यांना ती लागते पण तीच एकमेव सोय आहे असं नाही, शेंगदाणे तितकेच चालतात. बिनमिठाचे भाजलेले दाणे जाळीच्या फीडरमध्ये घाल, डाउनी सुतार, नटहॅच, टफ्टेड टिटमाउस सगळे येतात.

---

बफेलो_बाळ

मावशींनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त दाण्यांबद्दल. आम्हीपण शाकाहारी, सूएट घरात आणत नाही. माझी बायको दाण्याचं कूट करते जाडसर, त्यात जाड कॉर्नमील आणि बिनमिठाचं पीनट बटर मिसळून गोळा करते आणि झाडाच्या खरखरीत सालीत दाबून लावते. कॉर्नमीलमुळे ते चिकट राहत नाही. डाउनी सुतार उलटा लटकून खातो, शेपटी खोडाला टेकवून, तिसरा पाय असल्यासारखी. एवढं जवळून दिसतं की नराच्या डोक्यामागचा लाल ठिपका स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो.

दोन गोष्टी जपा. दाणे खवट किंवा बुरशी आलेले अजिबात नकोत, त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष असतं आणि ते पक्ष्यांना मारतं. आणि तूप, लोणी, तळणीचं उरलेलं तेल हे काही लावू नका, मऊ स्निग्ध पदार्थ पिसांना चिकटला की पिसं एकमेकांना धरून राहत नाहीत, पाणी आत जातं आणि पक्षी गारठतो. शिळ्या पुऱ्या, शेव, फरसाण हे पण नको, मीठ.

तुमच्या आईंचा कावळा राहिला. त्याला भुईमुगाच्या शेंगा ठेवा, सालीसकट, बिनमिठाच्या. इथला अमेरिकन क्रो आणि ब्लू जे दोघेही शेंगांवर तुटून पडतात. रोज ठरलेल्या वेळी, जेवणाआधी, चार-पाच शेंगा कठड्यावर, बस. तो पाच मिनिटात घेऊन जाईल, उरणार काही नाही, रकूनला काही नाही. घास तो घासच.

---

लेस्टरकर

यूकेमधून लिहितोय. वर सगळ्यांनी काय घालायचं ते सांगितलं, मला स्वच्छतेवर जरा कळकळीने बोलायचंय कारण इथे आम्ही त्याची किंमत बघतोय. ग्रीनफिंच नावाचा पक्षी, माझ्या शेजारच्या आजी सांगतात पूर्वी प्रत्येक बागेत असायचा. २००५-०६ च्या सुमाराला त्यांच्यात ट्रायकोमोनोसिस पसरला, घशात एक परजीवी होतो, गिळता येत नाही, पक्षी फीडरवरच बसून राहतो, फुगलेला, अन्न तोंडात घेतो आणि बाहेर टाकतो. लाळेतून पसरतो आणि एकाच ताटलीत सगळे खातात तिथे सगळ्यांना होतो. २०२१ ला ग्रीनफिंच इथल्या लाल यादीत गेला. आणि २०२५ च्या जानेवारीत आरएसपीबीने, जी इथली पक्ष्यांची सर्वात मोठी संस्था आहे, सपाट बर्ड टेबल विकणंच थांबवलं.

म्हणून माझं म्हणणं, ताटली, थाळी, कठडा असं सपाट काही नको, नळीचा किंवा जाळीचा फीडर घ्या ज्यात पक्षी अन्नात बसत नाही आणि त्यात हगत नाही. आणि धुवा. धुवा म्हणजे खरंच धुवा, नुसतं पाणी मारून नाही, पूर्ण खोलून. शेंगा ठेवायची कल्पना चांगली आहे पण मग कठड्याची ती जागासुद्धा पुसत जा.

---

मिनेसोटा_मावशी

लेस्टरकर, १०० टक्के. अमेरिकेत दुसरा आजार आहे, हाउस फिंचचे डोळे. १९९४ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टन डीसीच्या आसपास पहिल्यांदा लक्षात आला, मायकोप्लाझ्मा नावाचा जीवाणू, डोळे लाल होतात, सुजतात, पापणी चिकटते आणि पक्षी आंधळा होऊन फीडरला धडपडत राहतो. हाउस फिंच मुळात पश्चिमेकडचा, १९४० मध्ये लाँग आयलंडवर पिंजऱ्यातले विकणाऱ्यांनी सोडून दिले आणि त्यातून सगळा पूर्व किनारा भरला, म्हणजे सगळे थोड्या पक्ष्यांचेच वंशज, त्यामुळे आजार झपाट्याने गेला असं मानतात. एडिसनला ते भरपूर असणार, चिमणीसारखा पण नराच्या छातीवर लालसर रंग सांडल्यासारखा.

दर दोन आठवड्यांनी फीडर खोल, साबणाने घास, मग एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी त्यात दहा मिनिटं बुडव, भरपूर धू आणि पूर्ण वाळव, मगच भर. ओला फीडर भरला की बी खाली चिकटून कुजतं. दोन फीडर घेतले तर एक वाळतो तोवर दुसरा लावता येतो. आणि सुजलेल्या डोळ्याचा एकजरी दिसला तर सगळे फीडर उतरवायचे, दोनेक आठवडे, म्हणजे ती गर्दी पांगते. मन घट्ट करून उतरवायचे. त्याला पकडून औषध घालायला जाऊ नये.

फीडरखालची जमीनही झाडायची. जंको म्हणजे ते राखाडी पाठीचे आणि पांढऱ्या पोटाचे, उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसतात, ते जमिनीवरच टिपतात. म्हणून घाण जमिनीवर साठू द्यायची नाही.

---

एडिसनची_लेक

बापरे, किती माहिती! आईला सगळं वाचून दाखवलं, कारळ्यांचं ऐकून ती एकदम खूश झाली, आणि शेंगांचं तर तिने लगेच ठरवूनच टाकलं. मी आज करडई आणि सोललेलं सूर्यफूल मागवलंय आणि एक नळीचा फीडर.

आता प्रश्न. लावू कुठे? आमच्या डेकला मोठं काचेचं सरकतं दार आहे आणि आईला खुर्चीत बसून बघायचंय. पक्षी काचेवर आपटतात ना? आणि खारींचं काय करायचं, कोणीतरी सांगितलं की दाण्यात लाल तिखट घाला, हे खरंय का? मला तर क्रूर वाटतंय.

---

बफेलो_बाळ

काच हा खरा धोका आहे, अमेरिकेत वर्षाला कोट्यवधी पक्षी काचेवर आपटून मरतात, आणि त्यातली पुष्कळ टक्कर मोठ्या टॉवरवर नाही तर साध्या घरांच्या खिडक्यांवर होते. नियम असा की फीडर एकतर काचेच्या अगदी जवळ, तीन फुटांच्या आत, म्हणजे दचकून उडाला तरी वेग घेतलेला नसतो, नाहीतर तीस फुटांपलीकडे. मधलं अंतर सगळ्यात वाईट. तुमच्या डेकवर तीस फूट मिळणार नाहीत तेव्हा जवळच लावा, आईंनाही जवळून दिसेल. आणि काचेला बाहेरच्या बाजूने ठिपक्यांची पट्टी मिळते ती लावा, ठिपके दोन-दोन इंचावर. एखादं ससाण्याचं स्टिकर चिकटवून काही होत नाही, ते पक्षी त्याच्या बाजूने उडायला बघतात आणि तिथेच आपटतात.

तिखटाचं, पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, त्यांच्या मज्जातंतूंना कॅप्सेसिन (मिरचीतलं तिखट द्रव्य) लागत नाही, खारीला मात्र चांगलंच लागतं. त्यामुळे तिखट लावलेलं तयार बी विकत मिळतं ते चालतं, खार एक घास घेते आणि सोडून जाते, तिला इजा होत नाही. पण घरचं तिखट वरून भुरभुरवू नका, वाऱ्याने ते भरताना तुमच्याच डोळ्यात जाणार. खरा उपाय बॅफल. खांबावर फीडर, जमिनीपासून पाच फूट वर, कुठल्याही फांदी-कठड्यापासून सात-आठ फूट लांब, आणि खांबाला उलटी घमेल्यासारखी टोपी. डेकच्या कठड्याला हुक लावून टांगलात तर बॅफलचा काही उपयोग नाही, तिथे करडईवरच भिस्त.

---

औंध_बाल्कनी

पुण्यातून वाचतोय, आवडला धागा. आपल्याकडे गोष्ट उलटी आहे म्हणून लिहावंसं वाटलं. इथे थंडीत पाखरांना उपासमार नसते, ज्वारी-हरभरा रानात असतो, त्यावर भोरड्यांचे थवेच्या थवे येतात बाहेरून, फेब्रुवारीत सावर आणि पळस फुलतात, मध भरपूर. इथे खरी अडचण मार्च ते मे, आणि ती पाण्याची. मातीचं पसरट भांडं, दोन बोटं खोल पाणी, मध्ये एक दगड बसायला, रोज पालटायचं, एवढं केलं तरी बुलबुल, शिंपी, दयाळ सगळे येतात. आणि धान्य टाकायचं म्हणजे इथे शेवटी कबुतरांनाच टाकलं जातं, त्यांच्या विष्ठेने फुप्फुसाचे आजार होतात, मुंबईत २०२५ ला दादरचा कबुतरखाना बंद केला त्यावरून केवढं रान पेटलं ते सगळ्यांनी बघितलं. म्हणून भारतातल्या वाचकांनी वरचं वाचून लगेच गच्चीत धान्य टाकू नये अशी हात जोडून विनंती.

एडिसनताई, तुमच्याकडे पाण्याचं विचारलंच नाही तुम्ही. बर्फ पडल्यावर ते पितात काय?

---

मिनेसोटा_मावशी

छान आठवण केलीत औंधवाले. बर्फ खातात काही पक्षी पण ते वितळवायला अंगातली ऊर्जा जाते. इथे तापवायची सोय असलेली पाण्याची थाळी मिळते, थर्मोस्टॅट असतो, पाणी गोठायला आलं की आपोआप चालू होते. बाहेरच्या जीएफसीआय सॉकेटलाच (शॉक बसू नये म्हणून वीज आपोआप तोडणारं) लावायची. बियांसाठी कधी न येणारे पक्षी, रॉबिन, ब्लूबर्ड, सीडर वॅक्सविंग, हे पाण्याला येतात. पाण्यात मीठ, ग्लिसरीन असलं काही घालू नये गोठू नये म्हणून.

---

कोकणातून_मिशिगन

नवीन लोकांना एकच सांगतो, पहिले दोन आठवडे कोणी आलं नाही तर निराश होऊ नका. आधी चिकडी येते. ती आली की एक बी उचलते, फक्त एक, आणि जवळच्या फांदीवर जाते, दोन पायांत धरून चोचीने टकटक टकटक फोडते, आतलं खाते, परत येते. किंवा खात नाही, सालीच्या फटीत लपवते, प्रत्येक बी वेगळ्या जागी, आणि पुढे आठवडे जागा लक्षात ठेवते. जेमतेम अकरा-बारा ग्रॅमचा जीव आणि रात्री अंगाचं तापमान दहा-बारा अंश सेल्सियसने खाली आणते चरबी वाचवायला. एडिसनला तुम्हाला काळ्या डोक्याची आणि कॅरोलिना दोन्ही दिसू शकतात, दोघींची हद्द न्यू जर्सीच्या मधूनच जाते.

कार्डिनल बघायचा असेल तर अगदी पहाटे आणि अगदी दिवेलागणीला, आईंना तेव्हा बसवा. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, चार दिवस, कमीत कमी पंधरा मिनिटं मोजायचं आणि यादी ऑनलाइन टाकायची, फुकट आहे. १९९८ ला अमेरिका-कॅनडात सुरू झाला, आता भारतातही त्याच तारखांना होतो, तेव्हा आई एडिसनला आणि मामा-मावश्या साताऱ्यात असं एकाच दिवशी मोजता येईल.

आणि वायव्य न्यू जर्सीत, ससेक्स, मॉरिस वगैरे भागात कोणी वाचत असेल तर अस्वलं लक्षात ठेवा. फीडर फक्त डिसेंबर ते मार्च, अस्वलं गुहेत असतात तेव्हा, आणि तरी खुणा दिसल्या तर लगेच उतरवा. अस्वलाला खायला घालणं न्यू जर्सीत बेकायदेशीर आहे.

---

एडिसनची_लेक

आई म्हणतेय मामाला आत्ताच फोन लाव 🙂 सगळ्यांचे मनापासून आभार. जानेवारीतल्या तीन आठवड्यांचं कोणी सांगता का? आई त्यावरच अडून बसलीये, म्हणते सवय लावून आपण निघून जायचं हे पाप आहे, मग लावूच नको.

---

मिनेसोटा_मावशी

आईंना सांग काळजी नको. विस्कॉन्सिनच्या त्याच संशोधकांनी हाच प्रश्न घेऊन दुसरा अभ्यास केला होता, १९९२ ला छापून आला. एका ठिकाणी २५ वर्षं फीडर होते, ते काढून टाकले, आणि तिथल्या चिकडींची तुलना ज्यांनी कधी फीडर बघितलाच नाही अशा चिकडींशी केली. जगण्यात फरक नव्हता. फीडर असतानाही त्या दिवसाच्या गरजेचा साधारण चौथा भागच तिथून घेत होत्या, बाकी सगळं स्वतः शोधून, झाडांच्या साली उचकटून. त्यांची रोजची फेरी मोठी असते, तुमचं अंगण त्यातला एक थांबा, आणि एडिसनसारख्या वस्तीत चार घरं सोडून अजून कोणाचा तरी फीडर असतोच.

तरी मनाला बरं वाटावं म्हणून निघायच्या आधीचा आठवडा थोडं थोडं कमी भर. आणि रिकामा फीडर टांगून जाऊ नकोस, उतरवून धुऊन घरात ठेव, कारण तळाशी राहिलेलं ओलं बी तीन आठवड्यात कुजतं आणि तेच खायला कोणीतरी येतं. उरलेलं बी पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅरेजमध्ये प्लास्टिकची पिशवी उंदीर एका रात्रीत कुरतडतात. शेजारी चांगले असतील तर शेंगांचा डबा त्यांच्याकडे देऊन जा, ज्यांनी तक्रार केली त्यांच्याकडेच दे हवं तर, मी आमच्याकडे असंच केलं होतं आणि त्यांच्या मुलाने स्वतःहून रोज ठेवल्या.